व्होकलॉइड, मिकु आणि रिदम गेम: हे गाणं नेमकं गातं कोण?

निषाद

आभासी गायकांबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळतं. जे मिळतं ते 'जपानमधली होलोग्राम गायिका' इथेच थांबतं. मला त्या पडद्यावरच्या दोन लांबलचक पोनींपेक्षा आवाजात जास्त रस आहे, म्हणून हा धागा काढतोय.

यंत्राला गायला लावायची हौस जुनी. १९६१ साली बेल लॅब्समध्ये आयबीएमच्या ७०४ संगणकाकडून 'डेझी बेल' हे जुनं गाणं गाऊन घेतलं होतं. पण आपण शब्द आणि सूर द्यायचे आणि घरच्या संगणकाने ते गायचे, असं सॉफ्टवेअर दुकानात यायला २००४ उजाडलं. यामाहामध्ये केनमोची हिदेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर काम केलं, त्यातून व्होकलॉइड आलं. इंजिन यामाहाचं, आवाज मात्र वेगवेगळ्या कंपन्या काढणार, अशी वाटणी होती. पहिले दोन आवाज, लिऑन आणि लोला, ब्रिटनच्या झिरो-जीचे. त्याच वर्षी साप्पोरोच्या क्रिप्टॉन फ्यूचर मीडियाने मेइको आणली, २००६ मध्ये काइतो. काइतोकडे तेव्हा फारसं कुणी वळूनही पाहिलं नाही.

मग ३१ ऑगस्ट २००७ ला हात्सुने मिकु आली. आवाज साकी फुजिता या व्हॉइस अ‍ॅक्ट्रेसचा, चित्र केई यांचं, वय १६, उंची १५८ सेंटीमीटर. पोशाखाचे रंग आणि बाहीवरचं पॅनेल यामाहाच्या डीएक्स ७ सिंथेसायझरवरून घेतलेलं. क्रिप्टॉनने तिला दिलं ते इतकंच. स्वभाव नाही, गोष्ट नाही, घरदार नाही. तिच्या तोंडी गाणी घातली ती निकोनिको दोगा या जपानी व्हिडिओ साइटवर रात्री जागून व्हिडिओ चढवणाऱ्या पोरांनी. त्यांना तिथे 'पी' म्हणतात, म्हणजे प्रोड्युसर. आज केन्शी योनेझु हे जपानमधलं फार मोठं नाव आहे. तो हाची या नावाने मिकुसाठी गाणी लिहीतच पुढे आला. योआसोबी या संगीत-जोडीतला आयासेही तिथलाच.

आता मुद्द्यावर येतो. मिकु गाते असं आपण सवयीने म्हणतो, पण माझ्या मते गातो तो तिचं प्रत्येक अक्षर जागेवर बसवणारा माणूस. व्होकलॉइडचा एडिटर उघडला की डावीकडे उभी पियानोची पट्टी दिसते, उजवीकडे रिकामी जाळी. जाळीत एक आडवी कांडी ओढायची: ती जितकी वर तितका सूर उंच, जितकी लांब तितका वेळ स्वर टिकणार. कांडीवर एक अक्षर लिहायचं. का. पुढची कांडी, ना. असं करत आख्खं गाणं. त्याखाली जोर, श्वासाचं प्रमाण, आवाजाची चमक, सुराची घसरण यांच्या वेगवेगळ्या रेषा असतात आणि त्या हाताने काढाव्या लागतात. हे सगळं तसंच सोडून दिलं तर मिकु दाराच्या बेलसारखी वाजते. तेच काम एखाद्या मुरलेल्या पीच्या हाती गेलं की एका ओळीत गळा दाटून आलेला ऐकू येतो.

आणि रिदम गेम, म्हणजे गाण्याच्या तालावर टॅप करायचे गेम, मला इतके जवळचे का वाटतात, त्याचंही उत्तर यातच आहे. प्रोजेक्ट सेकाई या मिकुच्या मोबाइल गेममध्ये वरून खाली सरकत येणाऱ्या नोट्स बघा. ती जाळी उभी केली आणि आपल्याकडे वाहू दिली तर जवळपास हेच दिसेल. पीने जे अक्षर एकेक करून बसवलं, तेच आपण बोटाने एकेक करून उचलतो. दुसऱ्या कुठल्या गायकाचं गाणं ऐकणाऱ्याला इतक्या आतून दाखवलं जातं असं मला वाटत नाही.

तुमचं काय मत? इथे कुणी ट्यूनिंग, म्हणजे त्या रेषा हाताने बसवायचं काम, करतं का? कुणी मास्टर लेव्हलला खेळतं का?

सायली_क

छान धागा! मी प्रोजेक्ट सेकाई खेळते, पण आवाज कसा बनतो याचा कधी विचारच केला नव्हता. साकी फुजिता यांनी गाणी गायलेली असतात आणि ती कापून जोडतात, असं आहे का?

आडताल

सायली, गाणी नाही. त्यांनी अर्थ नसलेली अक्षरं गायलेली असतात, तीही एकाच सुरात, एकाच जोराने, तासन् तास. गंमत अक्षरांत नाही, अक्षरांच्या सांध्यांत आहे. 'क' वरून 'आ' वर जाताना तोंडात जो बदल होतो, 'आ' वरून पुढच्या 'स' वर जाताना जो होतो, ते सगळे सांधे साठवावे लागतात. जपानीसाठी एका सुराच्या पातळीला असे साधारण ५०० तुकडे पुरतात, इंग्रजीसाठी २,५०० लागतात. त्यात आवाज नैसर्गिक वाटायचा तर तीन-चार वेगवेगळ्या उंचीवर तेच सगळं पुन्हा. जपानीत हे तंत्र इतकं का फळलं, त्याचं एक कारण या आकड्यांतच आहे.

मी स्वतः यूटाऊवर काम करतो. २००८ मध्ये आलेलं हे फुकट सॉफ्टवेअर, त्यात कुणालाही आपला आवाज घालता येतो. साधी पद्धत म्हणजे एकेक अक्षर सुटं रेकॉर्ड करणं. त्याने आवाज तुटक येतो. म्हणून पुढे लोक साखळीत गायला लागले: का-का-की-का-कू-के-का, एका श्वासात, मेट्रोनोमच्या ठोक्यावर. अशा साखळीतून 'आ नंतरचा का', 'ई नंतरचा का', 'ऊ नंतरचा के' हे सगळे वेगवेगळे मिळतात.

मग प्रत्येक तुकड्यावर खुणा करायच्या. व्यंजन कुठे सुरू होतं, कुठपर्यंत ताणायचं नाही, कुठून पुढचा स्वर ताणला तरी चालेल. या खुणांपैकी एक मला फार महत्त्वाची वाटते. तिला प्रीअटरन्स म्हणतात. समजा 'सा' हे अक्षर ठोक्यावर यायला हवं. तुम्ही 'स' चा फुसफुसाट ठोक्यावर सुरू केला तर गाणं मागे पडल्यासारखं वाटतं. कारण माणूस गातो तेव्हा व्यंजन ठोक्याच्या आधी उरकतो आणि स्वर नेमका ठोक्यावर उघडतो. 'स' ला जास्त वेळ लागतो, 'त' ला कमी, म्हणून प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या अंतराने आधी सुरू करावं लागतं. व्होकलॉइड हे आपोआप करतं, यूटाऊमध्ये ते हाताने कानावर बसवायचं. एका आवाजासाठी हे काम आठवडे खातं. पण त्यानंतर माणसं गाताना काय करतात ते जे ऐकू यायला लागतं, ते दुसऱ्या कशाने मला आलं नसतं.

जुना_श्रोता

निषाद, लेखन आवडलं. मतभेद नोंदवतो, राग नसावा.

मी आयुष्यभर ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत आलो. माझ्यासाठी गाणं म्हणजे श्वास. कुठे घेतला, कुठे चोरला, तान कुठवर ओढली आणि दम कुठे संपत आला, यातूनच गायक कळतो. नातवाने मला तुमच्या या मिकुची बरीच गाणी ऐकवली. चाली चांगल्या आहेत, काही तर फारच चांगल्या. पण ज्याला फुप्फुसं नाहीत त्याच्या लांब सुरात धोका नसतो. तो सूर तुटणारच नाही हे मला आधीच माहीत असतं. मग मी जीव मुठीत धरून का ऐकावं?

आडताल यांनी सांगितलेली ती ठोक्याआधीच्या व्यंजनाची गोष्ट मात्र अगदी पटली. आमच्याकडे समेवर यायचं म्हणजे स्वर समेवर यायला हवा, अक्षर तोंडात आधीच फुटलेलं असतं. हे गुरू शब्दांत सांगत नाहीत, शिष्य ऐकून ऐकून उचलतो. यंत्राला शिकवताना कुणाला तरी ते मोजून लिहावं लागलं, याचं कौतुक आहे.

निषाद

जुना_श्रोता, राग कसला. तुमचा मुद्दा खराच आहे, आणि चांगल्या पींनी त्याच्याशी दोन उलट्या वाटांनी झुंज घेतली आहे.

एक वाट श्वास परत आणण्याची. श्वासाचे वेगळे नमुने ओळींच्या मध्ये पेरतात, ओळीच्या शेवटी जोर हळूहळू उतरवतात, शेवटचा सूर मुद्दाम जरा खाली घसरू देतात. यंत्राला दम लागल्याचं दाखवायचं.

दुसरी वाट मला जास्त प्रामाणिक वाटते. फुप्फुसं नाहीत ना, मग माणसाला न जमणारं गाऊन दाखवू. कॉस्मो यांचं 'हात्सुने मिकु नो शोशित्सु' मिनिटाला २४० ठोक्यांच्या लयीत आहे, सेकंदाला चार ठोके, आणि त्यातल्या वेगवान भागात अक्षरांचा असा मारा होतो की श्वासाला फटच उरत नाही. ते गाणं मिकुच्याच नाहीसं होण्याबद्दल आहे. तिथे न थांबणारा आवाज हाच त्या गाण्याचा आशय होतो. पुढे वोवाका यांनी अशाच घाईच्या, उड्या मारणाऱ्या चालींना एक वेगळाच घाट दिला. ते २०१९ मध्ये गेले. त्यांच्या चालींचे ठसे आजच्या जपानी पॉपमध्ये जागोजागी दिसतात.

आणि नंतर काय झालं बघा. माणसं ही गाणी गायला लागली. 'गाऊन पाहिलं' म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्यांची एक आख्खी पिढी या चालींवर तयार झाली, गायिका आदो त्यातलीच. यंत्रासाठी लिहिलेल्या उड्या मारत मारत तिचा गळा घडला. तुम्ही म्हणता तो धोका तिथे सापडेल, आणि तो आला तो यंत्रासाठी लिहिलेल्या चालीतूनच.

खटका

इथे गेमवाल्यांची बाजू कुणीच नीट मांडत नाहीये, मी मांडते.

बीटमेनिया १९९७ चा, म्हणजे रिदम गेम व्होकलॉइडच्या बरेच आधीपासून आहेत. सेगाने प्रोजेक्ट दिवा २ जुलै २००९ ला पीएसपी या हातातल्या गेम-यंत्रावर आणला तेव्हा पडद्यावर कुठेही खुणा उमटायच्या, प्रत्येक खुणेवर घड्याळासारखा काटा फिरायचा, आणि कडेवरून त्रिकोण, गोल, फुली, चौकोन उडत येऊन त्या खुणेवर बसायचे. नजर पडद्यावर सगळीकडे फिरवावी लागायची आणि मागे मिकु नाचत असायची. त्यात एडिट मोड होता, आपलं गाणं घालून स्वतःचा चार्ट, म्हणजे कुठली नोट कधी येणार त्याचा आराखडा, बनवता यायचा. निषादचा मुद्दा या एडिट मोडला जास्त लागू पडतो, कारण तिथे खेळणारा स्वतःच बसवणारा होतो. पुढच्या वर्षी आर्केड आलं, मग कन्सोलवर फ्यूचर टोन आणि मेगा मिक्स. प्रोजेक्ट सेकाई ३० सप्टेंबर २०२० चा, सेगा आणि कलरफुल पॅलेटचा.

पण निषाद, 'पीने बसवलेलं अक्षर आपण उचलतो' हे अर्धंच खरं आहे. मध्ये चार्ट बनवणारा बसलेला असतो. तो ठरवतो की या ओळीत बोटं आवाजाच्या मागे जातील, पुढच्या ओळीत ड्रमच्या, मग गिटारच्या. सोप्या लेव्हलला बहुतेक ठोकेच असतात. एक्स्पर्टपासून आवाज उचलायला लागतात. मास्टरला कधी कधी दोन हात दोन वेगळ्या वाद्यांवर असतात. एकाच गाण्याचे दोन चार्ट खेळले की ते गाणं दोन माणसांनी वेगवेगळं ऐकलंय हे सरळ कळतं. वाईट चार्ट कोणता? ज्यात गाण्यात काहीच वाजत नसताना नुसती अवघड म्हणून नोट टाकलेली असते. बोटाला ती लगेच खोटी लागते.

चांगल्या चार्टचं एक उदाहरण देते. लांब धरायची हिरवी पट्टी असते ना, तिच्या शेवटी वर झटका द्यायचा बाण येतो. आवाज जिथे सूर वर उडवून सोडतो नेमका तिथे तो बाण असला की अंगावर काटा येतो. पट्टी डावीउजवीकडे वळते तीही अनेकदा सुराच्या चढउताराबरोबर. हे सगळं कानाने केलेलं काम आहे.

आणि आडताल, तुमच्या प्रीअटरन्समुळे मला एक जुनं कोडं सुटलं. माणसाच्या आवाजातल्या सेकाई आवृत्तीपेक्षा त्याच गाण्याची व्हर्च्युअल सिंगर आवृत्ती निवडली की मला परफेक्ट (अगदी वेळेवर पडलेल्या टॅपचा शेरा, त्याखालचा ग्रेट) जास्त मिळतात. चार्ट तोच असतो. मिकुचा स्वर ठोक्यावर अगदी मिलिसेकंदाला उघडतो, आणि माझी बोटं आवाजाच्या मागे जातात. माणूस जरा पुढेमागे गातो, गायलाच हवा.

सायली_क

खटका, एक मदत हवी आहे. मी हार्डवर अडकले आहे. माझे टॅप सगळे ग्रेट येतात, परफेक्ट येतच नाहीत, आणि एक्स्पर्टला नोट्सचा गोंधळ होतो.

खटका

ब्लूटूथ हेडफोन वापरतेस का? असशील तर आधी तो काढ. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो, आणि पडद्याची एक फ्रेम असते साधारण १७ मिलिसेकंदांची. म्हणजे तू गाण्याबरोबर टॅप करतेस आणि गेमच्या हिशेबात कितीतरी फ्रेम उशिरा पोचतेस. वायरचा हेडफोन किंवा फोनचाच स्पीकर. मग सेटिंगमध्ये टायमिंग आहे ते कानावर जुळव. सगळे ग्रेट एकाच बाजूचे येत असतील तर चूक तुझ्या बोटात नाही, सेटिंगमध्ये आहे.

दुसरं, नोटचा वेग वाढव. नवीन माणूस वेग कमी ठेवतो, आणि तिथेच अडकतो. वेग कमी असला की पडद्यावर एकाच वेळी खूप नोट्स जमतात आणि एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात. वाढवला की त्यांच्यात अंतर पडतं. गाण्याची लय बदलत नाही, फक्त अंतर बदलतं. पहिले काही दिवस घाबरायला होईल, मग कमी वेगात परत खेळवणार नाही.

सायली_क

वायरचा हेडफोन लावून एक गाणं खेळले. अर्ध्याहून जास्त परफेक्ट! धन्यवाद खटका. वेग जरा जरा वाढवते.

रात्रपाळी

मी चित्रं काढतो, मला संगीतातलं कळत नाही, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो.

मिकु का पसरली याचं उत्तर देताना सगळे आवाज आणि चेहऱ्याबद्दल बोलतात. मला परवानगीचा भाग त्याहून मोठा वाटतो. पहिल्या काही महिन्यांतच कुणी गाणं केलं, कुणी त्यावर चित्र काढलं, तिसऱ्याने त्या चित्राचा व्हिडिओ केला. दुसरी एखादी कंपनी असती तर नोटिसा पाठवून मोकळी झाली असती. क्रिप्टॉनने डिसेंबर २००७ मध्ये पिआप्रो नावाची साइट काढली. तिथे आपलं चित्र, शब्द, चाल ठेवायची, दुसऱ्याने वापरलं तर त्याने मूळ माणसाला कळवायचं, आभार मानायचे. पैसे न कमावता पात्र वापरायचं असेल तर नियम पाळून वापरा, वेगळी परवानगी मागायला येऊ नका, असा परवाना त्यांनी लिहून दिला. २०१२ पासून परदेशातल्या लोकांसाठी मूळ चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवानाही आहे, नाव द्या आणि व्यापार करू नका या अटींवर. आवाजाचं प्रकरण निराळं. सॉफ्टवेअर विकत घेऊन केलेलं गाणं करणाऱ्याचं असतं, ते त्याला विकताही येतं. मिकुचं नाव किंवा चित्र लावून विकायचं तर क्रिप्टॉनला विचारावं लागतं.

तो कांद्याच्या पातीसारखा लांब नेगी तिच्या हातात कुणी दिला? २००७ च्या सप्टेंबरमधल्या एका चाहत्याच्या व्हिडिओने. कंपनीने तो नंतर आपलासा केला. प्रोजेक्ट दिवामध्ये जे पोशाख दिसतात त्यातले कितीतरी मुळात चाहत्यांच्या चित्रांतून आणि गाण्यांच्या व्हिडिओंतून आलेत. २०१० मध्ये शुक्राकडे गेलेल्या जपानच्या आकात्सुकी यानावर अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्यांवर मिकुची चित्रं होती, तीही चाहत्यांनीच धडपड करून पाठवलेली.

आणि कासाने तेतो! १ एप्रिल २००८ ला काही लोकांनी 'नवीन व्होकलॉइड येतेय' अशी थाप मारण्यासाठी बनवलेली ती पोरगी. मग तिला यूटाऊमध्ये खराच आवाज मिळाला, गाणी मिळाली, गेममध्ये जागा मिळाली, आणि २०२३ मध्ये सिंथेसायझर व्ही या व्यावसायिक सॉफ्टवेअरवर तिचा आवाज निघाला. कंपनी पाठीशी नसताना निव्वळ लोकांनी धरून ठेवलं म्हणून टिकलेलं पात्र आहे ते. मला तेतोबद्दल फार आत्मीयता आहे.

निषाद

रात्रपाळी, हे लिहिलंत ते फार बरं केलं. माझ्या मूळ पोस्टमध्ये सगळा भर एकट्या पीवर होता. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे गाणं बसवणाऱ्याच्या पुढे चित्रकार, व्हिडिओवाला, चार्टवाला आणि खेळणारा अशी रांगच आहे.

कोमल_गंधार

मी गायिका आहे, जिंगल आणि कोरस गाते, त्यामुळे हा धागा जरा धास्तीनेच वाचला. मिकुची मला भीती वाटत नाही. ती स्वतःची अशी वेगळी ऐकू येते, आणि साकी फुजिता यांनी कशासाठी आवाज देतोय हे जाणून दिला आहे. भीती आहे ती आताच्या एआयची. एखाद्याची गाणी गोळा करायची, मशीनला शिकवायची, आणि त्याच्या गळ्यातून त्याने कधीच न गायलेलं गाऊन घ्यायचं. त्या माणसाला कुणी विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एका गायिकेच्या आवाजात तिने न गायलेली जाहिरात वाजली. काढून टाकायला लावेपर्यंत ती दोन महिने झोपली नव्हती.

या दोन गोष्टींना आपण एकच नाव देतो, 'संगणकाचा आवाज', हे मला बरोबर वाटत नाही.

आडताल

कोमल, अगदी. आमच्याकडे यूटाऊच्या प्रत्येक आवाजाबरोबर एक छोटी मजकुराची फाइल येते. त्यात आवाज देणाऱ्याने लिहिलेलं असतं: व्यापारी वापर चालेल की नाही, कुठल्या विषयांवर माझा आवाज वापरू नका, नाव कसं द्यायचं. कायद्याचा कागद नाही तो, पण ती फाइल न वाचता आवाज वापरणाऱ्याला आमच्या मंडळींत कुणी जवळ करत नाही.

एआय हे तंत्र म्हणून मात्र शत्रू नाही. सिंथेसायझर व्ही, न्यूट्रिनो, २०२२ पासून व्होकलॉइड ६, सगळ्यांत आता मशीन लर्निंग आहे. सुरावरून सुरावर कसं सरकायचं ते आधी मी रेषा ओढून ठरवायचो, आता इंजिन सुचवतं. त्याने एका दिवसाचं काम तासाभरात होतं. पण त्यात पाच जणांनी केलेली पाच गाणी सारखीच 'छान' वाटायला लागतात, म्हणून मी अजून बरंच काम हाताने करतो. फरक सॉफ्टवेअरचा कमी आणि आवाज देणाऱ्याच्या संमतीचा जास्त.

जुना_श्रोता

यावर एक उदाहरण आठवलं. २०१९ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने गायिका मिसोरा हिबारी यांचा आवाज यामाहाच्या एआय तंत्राने उभा केला आणि वर्षअखेरीच्या त्यांच्या मोठ्या कार्यक्रमात नवं गाणं सादर केलं. बाई १९८९ मध्येच गेलेल्या. पाहणाऱ्यांत काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तात्सुरो यामाशितांसारख्या ज्येष्ठ संगीतकाराने त्याला विटंबना म्हटलं. मी यामाशितांच्या बाजूचा आहे. गेलेल्या गायकाला 'हे गाऊ का नको' असं ठरवता येत नाही. घराण्याची गायकी शिष्य पुढे नेतो, गुरूचा गळा नेत नाही.

निषाद यांचं वाचून एवढ्यात एक काम केलं. एकाच गाण्याची दोन ट्यूनिंग ओळीने ऐकली, डोळे मिटून. पहिल्यात सूर सरळ उभे. दुसऱ्यात चढताना प्रत्येक सूर किंचित खालून येऊन लागत होता, आणि अंतऱ्याच्या शेवटी एक सूर मुद्दाम आधीच सोडून दिला होता. ते कुणीतरी ठरवून केलं आहे हे स्पष्ट कळतं. धोका मला अजूनही ऐकू येत नाही. पण त्यामागे कान असलेला माणूस बसला आहे, हे मान्य. मी त्या माणसाला गायक न म्हणता वादक म्हणेन. सतारिया सतारीला गायला लावतो, त्याला आम्ही गायकी अंग म्हणतो, पण तो गवई होत नाही.

निषाद

वादक! हे मला माझ्या शब्दापेक्षा जास्त आवडलं. हरकत नाही, धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं हे उत्तर मी घेतो.

सायली_क

मग मिकुला मराठी गाता येईल का?

आडताल

जपानी आवाजाकडून ओढूनताणून गाऊन घेता येतं, मी केलंय. काही गोष्टी अनपेक्षित सोप्या जातात. जपानी 'र' जिभेच्या टोकाचा, आपल्याला चालतो. आपला 'चांगला' मधला च आणि 'चार' मधला च वेगळे, हिंदीवाल्याला अडचण येईल, जपानीत दोन्ही आवाज आहेत. पण 'ल' आणि 'र' तिथे वेगळे नाहीत, 'ण' आणि 'ळ' चा पत्ता नाही, ख-घ-भ सारखे महाप्राण नाहीत. 'अ' आणि 'आ' मधला फरकही नाही, आणि मराठी गाण्यात तो फरक गेला की शब्दच कळत नाहीत. 'बाळ' चं 'बारा' होतं. मी 'ळ' च्या जागी 'र' ठेवून सुरुवात जरा लांबवून बघितलं, जवळपास जातं, पण 'जवळपास' ने अंगाई होत नाही.

खरा उपाय म्हणजे मराठी माणसाने मराठीसाठी आवाज रेकॉर्ड करणं. ओपनयूटाऊ फुकट आहे, अक्षरांची यादी आपली आपण बनवता येते. अडतंय ते एका गोष्टीवर: सूर न हलवता, भाव न घालता, तासन् तास अक्षरं गाणारा पक्का गळा हवा.

कोमल_गंधार

मी देते. अट दोन: त्या मजकुराच्या फाइलमध्ये काय लिहायचं ते मी ठरवणार, आणि माझं खरं नाव कुठे येणार नाही. काय काय गायचं सांगा.

आडताल

वा! दोन्ही अटी मान्य, फाइल तुम्हीच लिहायची.

पहिल्या टप्प्यात एकच सूर घेऊ, तुमच्या पट्टीतला मधला, जिथे दिवसभर गाऊ शकाल असा. तानपुरा कानात ठेवा, माइकमध्ये येता कामा नये. मेट्रोनोम १०० वर, तोही कानातच. फाइल मोनो, कुठलाही इफेक्ट नको, घुमणारी खोली नको. माइकपासूनचं अंतर पहिल्या दिवशी मोजून ठेवा आणि रोज तेच ठेवा, नाहीतर तुकडे जोडताना आवाज उड्या मारतो. व्हायब्रेटो नको, मींड नको, खटका नको (हे गेमवाल्या खटकांना उद्देशून नाही!).

सुरुवातीला फक्त 'ळ' आणि 'ल' च्या साखळ्या पाठवा: ळा-ळा-ळी-ळा-ळू-ळे-ळा, मग तेच 'ल' वर. शब्दाच्या सुरुवातीला 'ळ' मराठीत येत नाही, म्हणून पहिलं अक्षर आपण टाकून देऊ, आधीच्या स्वराला चिकटून आलेले पुढचे सांधे तेवढे घेऊ. 'अ' ची वेगळी साखळी लागेल, ती जरा विचार करून लिहितो. जुना_श्रोता, तुम्हाला वेळ असेल तर तुकडे जोडल्यावर तुम्ही ऐका. सम कुठे चुकतेय ते तुम्ही सांगाल तसं मी प्रीअटरन्स हलवेन.

जुना_श्रोता

पाठवा. रात्री नऊनंतर निवांत असतो.

खटका

आणि गाणं झालं की चार्ट माझा.